जलाशयाखालचे गाव आणि घरातील स्लाइड्स : डाळज परिसराच्या संदर्भात कौटुंबिक छायाचित्रसंग्रहांच्या डिजिटायझेशनचा विचार

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाची साधने घराघरांतील रुमालांत बांधून पडलेली आहेत आणि ती उंदीर, वाळवी व पावसाच्या तोंडून सोडवली पाहिजेत, ही जाणीव इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्राला करून दिली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून मोडी कागद हे इतिहासाचे साधन आहे याविषयी कोणी शंका घेतलेली नाही. छायाचित्रांना मात्र हा मान फार उशिरा मिळाला. त्यातही संस्थानिक, पुढारी आणि इमारती यांच्या छायाचित्रांना तो आधी मिळाला. सामान्य कुटुंबाच्या कपाटातील छायाचित्रे अजूनही ‘आठवणी’ या सदरातच मोडतात.

प्रस्तुत लेखात या घरगुती साधनांपैकी एकाच प्रकाराचा, म्हणजे पस्तीस मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड्सचा विचार केला आहे. प्रोजेक्टरमधून भिंतीवर दाखवण्याची ही पारदर्शक छायाचित्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कुटुंबांत शेकड्यांनी, क्वचित हजारांनी साठली. आज ती पाहण्याचे यंत्र घरात नाही, असले तर त्याचा दिवा मिळत नाही, आणि कपाटातील फिल्म दरवर्षी थोडी थोडी बिघडत आहे. अशा संग्रहांचे घरच्या घरी डिजिटायझेशन करणे शक्य झाले आहे. त्याकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून न पाहता इतिहासलेखनाच्या दृष्टीने पाहावे, असा या लेखाचा आग्रह आहे. त्यासाठी इंदापूर तालुक्यातील डाळज व त्याच्या आसपासचा उजनी जलाशयाचा काठ हा संदर्भ घेतला आहे. कारण तेथे जुन्या छायाचित्राचे मोल इतर गावांपेक्षा वेगळ्या मापाने मोजावे लागते.

उजनी आणि डाळज परिसर

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवणच्या पुढे, पळसदेवच्या अलीकडे डाळज लागते. आज हे नाव एका गावाचे नसून डाळज नं. १, नं. २ आणि नं. ३ अशा तीन गावांना ते लावले जाते. महामार्गावरून जाणाऱ्याला एका बाजूस ऊस आणि दुसऱ्या बाजूस लांबवर पसरलेले पाणी दिसते. ते पाणी म्हणजे भीमेवरील उजनी धरणाचा पाणफुगवटा होय. धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे; त्याचे बांधकाम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीपेक्षा जास्त पाणी मृतसाठ्यात मोडते. इंदापूर, दौंड, करमाळा, माढा आणि कर्जत या तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्या, मळे, देवळे, पाणवठे आणि वाटा या पाण्याखाली गेल्या. मुंबई–सोलापूर लोहमार्गाचा डिकसळजवळचा जुना भागही मूळ जागेवरून हलवावा लागला. एकोणिसाव्या शतकातील तेथील पूल पुढे रस्त्यासाठी वापरला गेला.

विस्थापनाची कागदोपत्री बाजू शासकीय दप्तरांत आहे. भूसंपादनाचे निवाडे, नुकसानभरपाईच्या याद्या, पुनर्वसित गावठाणांचे आराखडे आणि १९७६ च्या महाराष्ट्र प्रकल्पग्रस्त पुनर्वसन अधिनियमानंतरचा पत्रव्यवहार यांवरून कोणाची किती जमीन गेली हे सांगता येते. गाव कसे दिसत होते, हे त्यातून सांगता येत नाही. घराचे जोते किती उंच होते, पारावर कोण बसत असे, नदीत उतरण्याची वाट कोणत्या वस्तीवरून जात असे, पेठेत कोणाचे दुकान कोणाच्या शेजारी होते, या गोष्टी निवाड्यात येत नाहीत. कारण त्यांची भरपाई द्यायची नव्हती.

पाणी फार खाली गेले की हा प्रदेश थोडा वेळ परत दिसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचला आणि पळसदेवचे पळसनाथाचे हेमाडपंती मंदिर उघडे पडले. ते पाहायला लोक लांबून आले आणि भ्रमणध्वनीवर असंख्य छायाचित्रे निघाली. ही छायाचित्रे अवशेषांची आहेत. त्याच मंदिरासमोर यात्रा भरलेली असताना, मागे घरांची ओळ आणि कडेला बैलगाड्या असताना घेतलेले एखादे छायाचित्र असेल, तर ते पुन्हा कोणाला घेता येणार नाही. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्यावर विपुल लिहिले गेले. परंतु पाण्याखाली गेलेल्या मावळातील गावांचे दृश्यरूप आज किती जणांच्या डोळ्यांसमोर येते? उजनीच्या वेळी कॅमेरा पुष्कळ घरांपर्यंत पोहोचलेला होता. हा फरक अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

स्लाइड कोणाच्या घरात होती?

येथे अतिशयोक्ती टाळणे आवश्यक आहे. १९६० ते १९८० या काळात ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांचे छायाचित्र म्हणजे तालुक्याच्या स्टुडिओत काढलेले कृष्णधवल चित्र, किंवा कोणा नातेवाइकाने ‘अॅग्फा क्लिक थ्री’सारख्या साध्या कॅमेऱ्याने काढलेला छोटा फोटो. कॅमेरे व रंगीत फिल्म यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ ही देशी फिल्म मुख्यतः कृष्णधवल होती. पूर्व जर्मनीची ‘ऑरवो’ रुपयाच्या व्यापारामुळे मिळत असे. रंगीत स्लाइड काढणे ही चैन होती.

तरीही स्लाइड या प्रदेशात चार वाटांनी येणे संभवते. पहिली वाट परदेशी गेलेल्या मुलांची. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर मराठी डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापक मोठ्या संख्येने तेथे गेले. तेथील मध्यमवर्गीय घरात त्या काळी कोडाक्रोम फिल्म आणि भिंतीवर ‘स्लाइड शो’ ही नित्याची बाब होती. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या कोडॅक कॅरोसेल प्रोजेक्टरच्या गोल तबकात ८० स्लाइड्स बसत. हे लोक दोन-चार वर्षांनी गावी येत, तेव्हा कॅमेरा बरोबर आणत, आणि घर, आई-वडील, जनावरे, विहीर, जत्रा यांची चित्रे घेऊन परत जात. गावाला जे रोजचे असल्यामुळे टिपण्याजोगे वाटत नसे, ते दूर राहणाऱ्याला टिपावेसे वाटले. त्यामुळे इंदापूर-बारामतीच्या खेड्यांची सर्वांत चांगली रंगीत चित्रे न्यू जर्सी किंवा शिकागोच्या एखाद्या तळघरात असण्याची शक्यता गावातल्यापेक्षा अधिक आहे.

दुसरी वाट वालचंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतीची. इंदापूर तालुक्यातच साखर कारखान्याभोवती १९३० च्या दशकात वसलेल्या या नगरात शिकलेला, पगारदार आणि छंद बाळगणारा वर्ग होता. तिसरी वाट अभ्यासकांची. धनगर आणि त्यांच्या दैवतांवर काम करणारे हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर १९९२ मध्ये निवर्तेपर्यंत अनेक वर्षे महाराष्ट्राच्या पठारावर हिंडत होते. अशा संशोधकांची सामग्री बहुधा विद्यापीठाच्या आश्रयाला जाते. कुटुंबाच्या संग्रहाला असा वारस नसतो. चौथी वाट पक्षिनिरीक्षकांची, आणि ती धरणानंतरची आहे. भिगवण, कुंभारगाव, डाळजच्या उथळ पाण्यावर रोहित पक्षी उतरू लागल्यावर पुण्याचे हौशी छायाचित्रकार लांब पल्ल्याची भिंगे घेऊन येऊ लागले. त्यांचे लक्ष पक्ष्यांकडे असले तरी चौकटीच्या मागच्या बाजूस मासेमारीच्या होड्या, उघडी पडलेली जोती आणि गाळपेर जमिनीवरची पिके येऊन गेली आहेत. या स्लाइड्स आज पक्षिशास्त्रापेक्षा समाजेतिहासाला अधिक उपयोगी पडतील.

मराठी घराण्याचा स्लाइडशी संबंध याहून जुना आहे, हे येथे नमूद करावयास हवे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. त्यांच्या मुलांनीही ते पुढे चालवले. एका कुटुंबाने तयार केलेल्या, वापरलेल्या आणि सांभाळलेल्या स्लाइड्सचे हे महाराष्ट्रातील अग्रगण्य उदाहरण होय. अंधाऱ्या खोलीत एकत्र बसून चित्रे पाहणे आणि एकाने ती समजावून सांगणे ही त्या खेळाची रीत पुढे घरगुती स्लाइडलाही लागू पडली. चित्राबरोबर बोलणारा माणूस गृहीत धरलेला होता. म्हणूनच स्लाइडच्या चौकटीवर सहसा काही लिहिलेले आढळत नाही.

बिघाडाची कारणे

सर्व स्लाइड्स सारख्या नसतात. १९३५ मध्ये आलेल्या कोडाक्रोममध्ये रंग फिल्ममध्ये नसून धुताना निर्माण केले जात. या पद्धतीमुळे अंधारात ठेवलेली कोडाक्रोम स्लाइड अनेक दशके रंग टिकवते. मात्र प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे ती लवकर फिकी पडते. याचा एक विचित्र परिणाम असा की, जी चित्रे कुटुंबाला सर्वांत आवडली व जी पुन्हा पुन्हा दाखवली गेली, तीच आज सर्वांत निस्तेज झालेली आहेत, आणि जी कोणी पाहिली नाहीत ती ताजी आहेत. एक्टाक्रोमच्या सुरुवातीच्या काळातील स्लाइड्समध्ये निळसर व पिवळे रंग आधी जाऊन सगळे चित्र लालसर होते. कोडाक्रोमचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंत ही फिल्म धुण्यासाठी स्वीकारली. त्यानंतर ती धुण्याची अधिकृत सोय जगात उरली नाही. शेवटच्या रीळांपैकी एक स्टीव्ह मॅकरी यांनी वापरले आणि त्यातील काही चित्रे मुंबई व राजस्थानात घेतलेली आहेत. कोणाच्या घरी न धुतलेले कोडाक्रोम रीळ निघाले, तर त्यातून रंगीत चित्र आता मिळणार नाही. एखादा जाणकार ते कृष्णधवल म्हणून वाचवू शकतो, एवढेच.

फिल्मचा पाया सेल्युलोज अॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवा यांमुळे त्यातून अॅसेटिक आम्ल सुटू लागते; डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते, वाकते. हा बिघाड एकदा सुरू झाला की स्वतःच्या आम्लानेच वेग घेतो. चित्राचा लेप जिलेटिनचा असल्याने त्यावर बुरशी चढते आणि कसर लागते. काचेच्या चौकटीत बसवलेल्या स्लाइड्समध्ये ओल अडकून राहते व बुरशीला आतच जागा मिळते. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, मार्च-एप्रिलच्या उन्हात आणि पुढे पावसाळ्याच्या दमटपणात चाळीस वर्षे राहिलेल्या संग्रहाची अवस्था काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

याच संदर्भात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या प्रलयाची आठवण होते. पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि घराघरांतील कागद व छायाचित्रे एका दिवसात चिखलात गेली. ज्या वस्तूची एकच प्रत एकाच घरात असते तिला असा एक दिवस पुरतो.

घरगुती डिजिटायझेशन : पद्धती आणि इतिहासकाराचे प्रश्न

पस्तीस मिलिमीटर स्लाइडचे चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे असते. ४००० डीपीआय क्षमतेने ती स्कॅन केल्यास सुमारे ५६७० गुणिले ३७८० बिंदूंचे, म्हणजे २१ दशलक्ष बिंदूंहून अधिक तपशिलाचे चित्र मिळते. प्रत्येक रंगाला १६ बिट ठेवून टिफ स्वरूपात साठवले तर एका स्लाइडला जवळपास १३० एमबी जागा लागते. एक हजार स्लाइड्सना १३० जीबी. ही जागा आता महाग नाही. महाग आहे तो वेळ. प्रत्येक स्लाइड पुसणे, बसवणे, स्कॅन करणे व नाव देणे यांस चार मिनिटे धरली तरी हजार स्लाइड्सना सासष्ट तास लागतात. याच कारणाने स्कॅनरऐवजी डिजिटल कॅमेरा, मॅक्रो भिंग आणि मागून समान प्रकाश देणारा फलक वापरून स्लाइडचेच छायाचित्र घेण्याची रीत पुढे आली. यात वेग बराच मिळतो, परंतु कॅमेरा व स्लाइड अगदी समांतर ठेवाव्या लागतात, नाहीतर एक कोपरा अस्पष्ट राहतो. धूळ व ओरखडे आपोआप पुसणारी अवरक्त किरणांची सोय अनेक स्कॅनरांत असते. ती कोडाक्रोमवर नीट चालत नाही, कारण त्या फिल्मची घडण वेगळी आहे. तेथे हातातील हवेचा फुगा आणि मऊ कुंचला हाच भरवशाचा उपाय. बुरशी पाण्याने पुसण्याचा मोह मात्र आवरावा. लेप निघून येतो.

हे सर्व तंत्रज्ञ सांगतील. इतिहासकाराने आग्रह धरावा अशा गोष्टी निराळ्या आहेत.

पहिली गोष्ट चौकटीची. स्लाइडची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट हाही दस्तऐवज आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळेत धुतलेल्या स्लाइड्सच्या चौकटीवर अनेकदा महिना व वर्ष छापलेले असते. हा दिनांक फिल्म धुतल्याचा आहे, छायाचित्र घेतल्याचा नव्हे. परदेशस्थ माणूस डिसेंबरात गावी येऊन चित्रे घेई, परत जाऊन उरलेले रीळ वसंत ऋतूत संपवी आणि मग धुवायला पाठवी. चौकटीवर मे महिना असला तरी चित्रातली ज्वारीची कणसे माघातली असू शकतात. घरगुती डिजिटायझेशनमध्ये चौकट टाकून देण्याची किंवा केवळ चित्र घेण्याची प्रथा दिसते. त्याने हा सगळा पुरावा नष्ट होतो. चौकटीच्या दोन्ही बाजू साध्या कॅमेऱ्याने टिपून ठेवल्या तरी पुरते. स्लाइड्सचा डब्यातील क्रमही असाच नोंदवावा, कारण तो बहुधा रिळाचा क्रम असतो आणि एका चित्राची तारीख ठरली की शेजारच्या पस्तीस चित्रांची ठरते.

दुसरी गोष्ट अंतर्गत पुराव्याची. स्लाइड उलटी बसली की डावे-उजवे बदलते. दुकानाची पाटी, बसवरील अक्षरे किंवा घड्याळ यांवरून ती चूक उमगते, पण नदी आणि शेत एवढेच चित्रात असेल तर उगम आणि मुख यांची अदलाबदल होऊन सगळा भूगोल फसतो. वाहनाच्या क्रमांकात एमएचनंतर जिल्ह्याचा दोन अंकी क्रमांक असेल तर चित्र १९८९ नंतरचे. एमएच ४२, म्हणजे बारामतीचा क्रमांक, त्याहूनही अलीकडचा. महामार्गाच्या दगडावर ९ हा आकडा असेल तर तो जुना क्रमांक. आज हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६५ आहे. क्षितिजावर पाणी आहे की झाडी, एवढ्यावरूनही डाळज परिसरातील चित्राचा काळ धरणाच्या अलीकडचा की पलीकडचा हे ठरवता येते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. रंग ‘सुधारण्याचा’ आणि चित्र ‘नीटनेटके’ करण्याचा उत्साह. लालसर झालेली स्लाइड पूर्ववत करणे संगणकाला सोपे आहे. पण शेतातल्या मातीचा रंग, लुगड्याचा रंग किंवा पाण्याचा गढूळपणा यांविषयी पुढे कोणी विधान करणार असेल, तर त्याला सुधारणेपूर्वीची प्रत हवी. त्यामुळे मूळ स्कॅन तसाच ठेवून सुधारित प्रत वेगळी करावी. त्याहून गंभीर प्रश्न कडा कापण्याचा आहे. कॅमेरा ज्याच्या हाती होता त्याने आपला वाडा, आपली माणसे, आपला ट्रॅक्टर मध्यभागी घेतला. गडी, गुराखी, होडीवाला, पाणी भरणारी बाई, गावकुसाबाहेरची वस्ती हे सारे चौकटीच्या कडेला, अर्धवट, पाठमोरे आले. कुटुंबातील तरुण पिढी स्कॅन करताना ‘अनावश्यक’ म्हणून नेमके हेच कापते. ज्या समूहांच्या घरी ना कॅमेरा होता ना स्टुडिओत जाण्याचे कारण, त्यांच्या जुन्या वस्तीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा दुसऱ्यांच्या स्लाइडच्या कडेवरच शिल्लक आहे. विस्थापनाचा इतिहास जमीनदार कुटुंबांच्या आठवणींपुरता राहू द्यायचा नसेल तर स्लाइड काठापासून काठापर्यंत, चौकटीची आतली रेघ दिसेल अशी स्कॅन झाली पाहिजे.

नावांचा प्रश्न

कुटुंबाच्या छायाचित्रांतून सार्वजनिक इतिहास उभा करण्याचा एक प्रयोग २०१० मध्ये अनुषा यादव यांनी ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’द्वारे सुरू केला, त्यात प्रत्येक चित्राबरोबर देणाऱ्याचे कथन असते. ग्रामीण महाराष्ट्रात याला समांतर काम ध्वनीच्या क्षेत्रात झाले आहे. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. त्या २०१७ पासून ‘पारी’ने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या कामात गाणारीचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीला जोडलेले आहे. छायाचित्रांच्या बाबतीत हा दंडक अजून पडलेला नाही. संगणकावर ‘गावाकडील १९७४’ नावाच्या कप्प्यात तीनशे चित्रे पडून असतात आणि त्यातील एकाही माणसाचे नाव कोठे नसते. स्लाइडपेक्षा फाइल अधिक सहजपणे अनाथ होते, कारण तिला निदान पुठ्ठ्याची चौकटही नसते. शिवाय ती एकाच संगणकावर असेल तर तिचे आयुष्य त्या यंत्राइतकेच. दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, हा संकेत येथेही पाळावा लागतो.

महाविद्यालयांना यात वाटा उचलता येईल. बारामती व इंदापूर येथील इतिहास आणि भूगोल विभागांतील विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरे पुनर्वसित गावठाणांत आहेत. अनेक विभागांच्या कपाटांत १९८० च्या दशकातील स्लाइड प्रोजेक्टर आणि अध्यापनाचे संच धूळ खात आहेत; कोणी निर्लेखनाच्या यादीत टाकण्यापूर्वी तेही एकदा उघडून पाहावेत. विद्यार्थ्याने कुटुंबाकडून मूळ स्लाइड मागू नये. ती घरीच राहावी, कॅमेरा व प्रकाशफलक तेथे न्यावा, आणि प्रत कुटुंबाला त्याच दिवशी द्यावी. कोणती चित्रे जगापुढे जावीत आणि कोणती जाऊ नयेत हे ठरवण्याचा अधिकार घरच्यांचा. बाळंतीण, अंत्ययात्रा, घरातील भांडणानंतर दुरावलेले नातेवाईक ही सारी डब्यात असतात. परदेशातील संग्रहांसाठी तेथील महाराष्ट्र मंडळांमार्फत आवाहन करता येण्यासारखे आहे.

कामाचा क्रम मात्र तंत्रज्ञांच्या क्रमाहून उलट असावा. सर्व स्लाइड्स उत्तम प्रतीने स्कॅन करून मग माहिती विचारायला जाण्याची पद्धत सोयीची वाटते, पण हजार स्लाइड्सना महिने लागतात. धरणाचे पाणी चढले तेव्हा जे वीस वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या घरात आहेत. ज्यांनी तेव्हा नव्या गावठाणात घरे बांधली त्यांतले थोडेच उरले आहेत. त्यामुळे आधी सर्व स्लाइड्सची भ्रमणध्वनीने कशीबशी का होईना छायाचित्रे घ्यावीत, ती गावातल्या जुन्या माणसांसमोर मोठ्या पडद्यावर लावावीत आणि बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्या वेळी प्रश्न मोजकेच असावेत : हा कोण, ही वाट कोठे जाते, हे झाड कोणाच्या बांधावर होते, इथून नदी किती लांब. ज्या चित्रावर सर्वांत जास्त बोलणे झाले ते आधी चांगल्या स्कॅनसाठी घ्यावे, आणि जेथे दोन जण दोन नावे सांगतील तेथे दोन्ही नावे सांगणाऱ्यांसह लिहून ठेवावीत.